नात्याची साक्षांकित प्रत

भिलाईत पूर्वी माणूस खात्यावरून ओळखला जायचा. कोक ओव्हनवाले, प्लेट मिलवाले, रेल मिलवाले. आडनाव लागायचं ते फक्त गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीवर. आता ही मंडळी निवृत्त झाली, सकाळी मफलर गुंडाळून सिव्हिक सेंटरकडे फिरायला येऊ लागली आणि त्यांची खाती बदलली. कोक ओव्हनवाले कॅनडावाले झाले. प्लेट मिलवाले ऑस्ट्रेलियावाले झाले. आमचे शेजारी रेल मिलवाले काका अमेरिकावाले. पोरगं जिथे स्थिरावलं ते बापाचं नवं खातं. फरक एवढाच, की जुन्या खात्याचा गेट पास पहिल्याच दिवशी हातात पडायचा. नव्या खात्याचा गेट पास येईपर्यंत गुडघे टिकतील की नाही, हे कुणीच छातीठोक सांगत नाही.

दोष थोडा भिलाईचाही आहे. भिलाई स्टील प्लांटच्या, म्हणजे बीएसपीच्या शाळांनी पोरं अशी घासूनपुसून काढली, की ती आधी आयआयटीच्या यादीत दिसली आणि नंतर विमानतळावरच्या फोटोत. कारखान्यानं देशाला रूळ पुरवले आणि त्याच रुळांवरून पोरं निघून गेली. मागे राहिले लीजचं क्वार्टर, अंगणातला आंबा आणि व्हिडिओ कॉलवर नातवाला स्वतःचं अर्धं कपाळ दाखवणारे आजोबा.

सरकारी भाषेत आता या आजोबांचं ‘कुटुंब पुनर्मीलन’ करायचं असतं. पुनर्मीलन म्हटलं की आमच्या पिढीला सिनेमा आठवतो. १९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये ताटातूट झालेले भाऊ एका गाण्यावरून एकमेकांना ओळखतात. शपथपत्र नाही, साक्षीदार नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. कुठल्याही वकिलातीत गाणं हा पुरावा धरत नाहीत, याचं काकांना मनापासून वाईट वाटतं. त्यांचा आवाज चांगला आहे.

खरं म्हणजे भिलाई हे गावच पुनर्मीलनातून वसलेलं. २ फेब्रुवारी १९५५ ला कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि चहूकडून पोरं इथे येऊन पडली. वर्ध्याची, अमरावतीची, चांद्याची. आधी एकटी, खाणावळीत जेवणारी. मग कधीतरी क्वार्टर अलॉट व्हायचं आणि गावाकडे पोस्टकार्ड जायचं, “क्वार्टर मिळालं, हिला पाठवून द्या.” हाच व्हिसा. बायको ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन दुर्ग स्टेशनवर उतरायची. तपासणी शेजारणीकडे असे. “काहून वं, माहेर कुठलं?” इथून सुरू होऊन चहा उकळेपर्यंत कुलदैवत, आडनाव, मामेकूळ आणि नणंदांची संख्या एवढी सगळी चौकशी आटोपायची. तिकडे सोव्हिएत इंजिनिअर बायकापोरांसह येऊन राहिले, त्यांनाही कुणी लग्नाचे फोटो मागितल्याचं ऐकिवात नाही.

काका भिलाईत आले १९७२ मध्ये. काकू दुर्गच्याच, भोसल्यांच्या काळापासून या मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या. १९७४ ला लग्न झालं. मुलगा शिकला, अमेरिकेला गेला, यथावकाश तिथला नागरिक झाला आणि एका रविवारी फोनवर म्हणाला, “बाबा, आता तुमचं फाइल करतो.” तिथल्या कायद्यात २१ वर्षांवरच्या नागरिकाचे आईबाप हे सख्खे जवळचे नातेवाईक. त्यांना वर्षाचा कोटा नाही, रांग नाही. काका खूश झाले. सिव्हिक सेंटरच्या आमच्या बाकावर येऊन म्हणाले, “आपल्याले रांगच नाही बापू. डायरेक्ट.”

रांग नव्हती हे खरं. पण यादी होती. आईसाठी अर्ज करायचा तर मुलाचा जन्मदाखला पुरतो, त्यावर आईचं नाव असलं म्हणजे झालं. बापासाठी मात्र जन्मदाखल्याबरोबर आईबापांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. काकांना हे फार लागलं. “म्हणजे अमेरिकेला शंका माझ्यावरच?” काकू आतून भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “शहाणी दिसते अमेरिका.”

आता १९७४ साली लग्न नोंदवायला कोण जात होतं? लग्न लागलं याचा पुरावा म्हणजे पंगत. चारशे माणसं जेवून गेली, आणखी काय पाहिजे? सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना बजावलं ते २००६ मध्ये, आणि तारीख होती १४ फेब्रुवारी. न्यायालयाला विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. काका-काकूंनी लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा केला आणि त्यानंतर लग्न नोंदवायला निघाले.

खिडकीतल्या तरुण बाबूनं अर्ज वाचला, मान वर केली आणि विचारलं, “इतने दिन क्या कर रहे थे?” काका म्हणाले, “संसार.” बाबूनं लग्नाचा फोटो मागितला. अल्बम होता. त्यात वऱ्हाडी होते, बँडवाले होते, हातात पंखा घेतलेल्या आत्याबाई होत्या. प्रत्यक्ष मंगलाष्टकांचा फोटो एकच आणि त्यात अंतरपाट इतका व्यवस्थित धरलेला, की एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नुसता हार आणि मुंडावळ्या. “इसमें दुल्हन कौन है?” काकांनी मुंडावळ्यांवर बोट ठेवलं. त्यानंतरचे फोटो पाहावेत तर पंधरा वर्षं नवराबायको एकमेकांपासून हातभर लांब आणि मध्ये सासूबाई. परदेशातली कार्यालयं खऱ्या नात्याचा पुरावा म्हणून एकत्र काढलेले फोटो मागतात. आमच्याकडे त्या काळात एकत्र फोटो काढणं हाच संशयाचा पुरावा होता.

मग साक्षीदार. लग्नाला हजर असलेली, धडधाकट आणि ओळखपत्र असलेली माणसं हवीत. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच गेले. मामा गेले. एक आते होती, तिला लग्न आठवत होतं, पण कुणाचं ते आठवत नव्हतं. शेवटी काकूंच्या लग्नात बुंदीचं ताट लंपास करून मार खाल्लेला एक मावसभाऊ राजनांदगावहून आला आणि त्यानं सही केली. तो म्हणाला, बाकीचं काही आठवत नाही, मार आठवतो.

यानंतर नावाचं प्रकरण निघालं, आणि ते सगळ्यांत मोठं होतं. काकूंचं माहेरचं नाव फुलाचं. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, काकांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नदीचं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. नाव बदलल्याचा अधिकृत दस्तऐवज तो एवढाच, आणि तोही जेवणात संपला. शाळेच्या दाखल्यावर फूल, रेशनकार्डावर नदी. बीएसपीच्या मेडिकल बुकात नदीतल्या ‘व’चा एका बंगाली बाबूनं प्रेमानं ‘ब’ केला. आधारवर काकांचं नाव मध्ये येण्याऐवजी शेवटी गेलं आणि आडनाव पुढे आलं. दुर्गच्या न्यायालयाच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या नोटरीनं हे चार कागद पंख्याच्या वाऱ्यात धरून पाहिले आणि शांतपणे विचारलं, “टोटल कितनी औरतें हैं?”

शपथपत्र झालं. या चारही स्त्रिया एकच असून त्या सगळ्या माझ्याच आहेत, अशा अर्थाचा मजकूर काकांनी वाचून सही केली. ती प्रत काकूंनी देवघरात ठेवली आहे. पन्नास वर्षांत काकांनी त्यांच्याबद्दल लेखी काही दिलं ते एवढंच.

जन्मस्थळाची कथा वेगळी. काका १९५० साली वर्धा जिल्ह्यात जन्मले, काकू १९५४ साली दुर्गला. तेव्हा दोन्ही ठिकाणं एकाच राज्यात, मध्य प्रदेशात होती आणि राजधानी नागपूर होती. १९५६ ला वर्धा मुंबई राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्रात. दुर्ग मध्य प्रदेशातच राहिलं आणि १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगडात आलं. म्हणजे जन्मले एका राज्यात, लग्न परराज्यात, आणि यातलं कुठलंच गाव जागचं हललेलं नाही. काकांच्या शाळेच्या दाखल्यावर वर्धा, मध्य प्रदेश असं स्वच्छ अक्षरात आहे. पासपोर्टवर वर्धा, महाराष्ट्र. मुलानं तिकडून विचारलं, “बाबा, नक्की कुठे जन्मलात?” काकांचं म्हणणं असं, की मी एकाच खाटेवर जन्मलो, ती खाट कुठल्या राज्यात ठेवायची हे नेहरूंनी ठरवायचं होतं.

काकूंच्या जुन्या इंग्रजी दाखल्यात आणखी गंमत. इंग्रजांनी दुर्गचं स्पेलिंग असं करून ठेवलं होतं, की परदेशी माणूस ते ‘ड्रग’ असंच वाचणार. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं ते तसंच चाललं. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर जरीची नऊवारी, आणि कागद म्हणतो जन्म ड्रगमध्ये. मुलगा घाबरला. काकू नाहीत घाबरल्या. त्या म्हणाल्या, आमच्या अख्ख्या जिल्ह्याचंच तसं होतं.

काकांच्या जन्माची नोंद मिळेना तेव्हा ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्यावं लागलं. नोंद नाही असं सांगणारा हा दाखला. मला या कागदाबद्दल आदर आहे. ‘आहे’ असं लिहून द्यायला एक नोंद दाखवली की झालं. ‘नाही’ असं लिहून द्यायला सगळी दप्तरं धुंडाळावी लागतात, आणि इतकं धुंडाळण्यापेक्षा उद्या या, असं सांगणं सोपं असतं. दाखले काढून देणाऱ्या चॉइस सेंटरमधला पोरगा आता काकांना दुरून पाहूनच विचारतो, “का होगे कका?” त्याला कालपर्यंतच्या सगळ्या घडामोडी माहीत असतात. काका ज्या कारखान्यात होते तिथे आज १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. काकांना स्वतःच्या जन्माचा चार ओळींचा कागद काढता आला नाही, हे त्यांनी बाकावर सांगितलं तेव्हा सगळे गप्प होते.

कागद कमी पडले तर वकिलात डीएनए चाचणी सुचवू शकते, अशी बातमी कुणीतरी बाकावर आणली. काका भडकले. “डीएनए? पोट्ट्याचं नाक पाहा म्हणा ना!” नाक खरोखर निर्णायक आहे. काकांच्या घराण्यात ते तीन पिढ्या, माणूस अंगणातून ओसरीवर येण्याआधी पोचतं. पण नाकाची साक्षांकित प्रत निघत नाही.

बाकावर प्रत्येकाचं दुःख वेगळ्या देशाचं. कॅनडावाल्यांची रात्र अजून सगळ्यांना पाठ आहे. २८ जानेवारी २०१९. आईबापांना कायमचं बोलावण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म तिकडे दुपारी १२ ला उघडणार, म्हणजे इकडे रात्रीचे साडेदहा. मुलगा तिकडे संगणकावर बोट रोखून बसलेला, इकडे त्याच्या आईनं देवापुढे तुपाचा दिवा लावलेला. वात अजून धड पेटते न पेटते तोच फॉर्म बंद. दहा-बारा मिनिटांत सगळ्या जागा भरल्या. पुढच्या वर्षी सरकारनं परत चिठ्ठ्या काढायची पद्धत आणली आणि २०२० मध्ये ज्यांनी नावं टाकली, त्यांच्याच नावांतून पुढे अनेक वर्षं चिठ्ठ्या काढत राहिले. कॅनडावाल्यांचं नाव त्यात आहे. बाहेर आलेलं नाही. मधल्या काळात ते ‘सुपर व्हिसा’वर जाऊन येतात. २०२२ पासून त्यावर एका दमात पाच वर्षं राहता येतं, फक्त एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो. ते आजही सर्दी झाली की भिलाईच्या सेक्टर ९ च्या इस्पितळाची आठवण काढतात.

ऑस्ट्रेलियावाल्यांचं प्रकरण गणिती आहे. तिथे आईबापांना कायमचं यायचं तर निदान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. यांना मुलं तीन. एक मेलबर्नला, एक न्यूझीलंडला, एक पुण्यात. बरोबरी. बरोबरी चालत नाही. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जमान्यात ‘दोन किंवा तीन’ अशी सरकारनंच मुभा दिली होती, यांनी तीनवर थांबायचं ठरवलं आणि तिथेच फसले. जरी बसले असते हिशेबात, तरी साध्या अर्जाची रांग सुमारे ३० वर्षांची. पैसे भरून थोडी आखूड रांग मिळते, माणशी जवळपास ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. यातून तो आकडा केव्हा जमेल याचा हिशेब प्लेट मिलवाल्यांनी एकदा वाळूत काठीनं मांडला होता, मग पायानं पुसून टाकला.

आणि लंडनवाले. त्यांच्याबद्दल बाकावर जपून बोलतात. ब्रिटननं २०१२ मध्ये नियम असे कडक केले, की म्हाताऱ्या आईबापांना तिथे बोलवायचं तर त्यांना अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामं स्वतःची स्वतः करता येऊ नयेत आणि तशी काळजी त्यांच्या देशात मिळण्यासारखी किंवा परवडण्यासारखी नसावी. म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलेला पाहिजे, पण विमानात बसवता आला पाहिजे. लंडनवाले रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. मुलानं त्यांना एकदा सांगितलं, “बाबा, इतकं चालू नका, केस कमजोर होते.”

या सगळ्या नियमांत मला खरी मौज वाटते ती फाइलीची. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात एक जाड प्लास्टिकची फाइल असते आणि तिच्यात दोन परस्परविरोधी चरित्रं शेजारी शेजारी असतात. पर्यटक म्हणून जायचं असेल तेव्हा अमेरिकेचा कायदा धरूनच चालतो, की हा माणूस परत जाणार नाही. तो परत जाईल हे त्यानं सिद्ध करायचं. तेव्हा फाइलीच्या पहिल्या कप्प्यातून लीजचे कागद निघतात, वर्ध्याच्या शेतीचा सातबारा निघतो, मुदत ठेवीच्या पावत्या, रायपूरला दिलेली लेक, तिची दोन मुलं. या पुराव्यांनुसार काकांचा जीव भिलाईत इतका अडकलेला आहे, की ते नातवाच्या मुंजीलासुद्धा नाइलाजानं चालले आहेत. दुसरा कप्पा कुटुंब पुनर्मीलनाचा. त्यात तेच काका, तीच सही, पण आता मुलाशिवाय त्यांना जगणं शक्य नाही. आणि एकदा हा दुसरा अर्ज गेला, की पहिल्या कप्प्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. लंडनवाल्यांना तर आपली इथेच दिलेली लेक लपवावी की दाखवावी हेच कळेना. व्हिजिटर व्हिसाला ती भक्कम पुरावा होती, कायमच्या अर्जात तीच अडचण.

सरकारांच्या हिशेबी कुटुंब म्हणजे नवराबायको, लहान मुलं आणि घासाघीस करून आईबाप. भाऊबहीण अमेरिकेच्या यादीत आहेत, पण भारतीयांची ती रांग अर्ज केल्यापासून सतरा-अठरा वर्षांच्याही पुढे जाते. काकांच्या साडूचा अर्ज त्याच्या बहिणीनं केला तेव्हा त्याची मुलं केजीत होती. आता एकवीस उलटून ती अर्जाबाहेर पडली. मावशी, आत्या, चुलत सासू यांच्यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही. काकूंनी सगळी पानं उलटून पाहिली. त्यांच्या मते हा फॉर्म करणाऱ्यांच्या घरी कधी कार्य निघालेलं नाही.

अखेर मुंबईचं बोलावणं आलं. गीतांजली एक्स्प्रेसनं गेले, आधी वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, धनुर्वात-न्यूमोनियाच्या लशी. मग वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. काकांनी फाइल तीन दिवस छातीशी धरली होती. लग्नाचा दाखला सगळ्यांत वर, त्यावर हिरवी खूणचिठ्ठी. खिडकीतल्या बाईंनी मुलगा काय करतो ते विचारलं. शेवटचा केव्हा भेटला ते विचारलं. मग मराठी दुभाष्यामार्फत काकूंना विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? काकूंनी उत्तर देण्याआधी काकांनी दिलं आणि एक वर्ष कमी सांगितलं. काकूंनी तिथेच दुरुस्त केलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, व्हिसा मंजूर.

फाइल उघडलीच नाही.

काका अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत. “एक कागद पाहिला नाही बापू. अंतरपाटाचा फोटो एन्लार्ज करून नेला होता.” काकूंचं मत असं, की दुरुस्ती केली तेव्हाच त्या बाईची खात्री पटली, नकली बायको हिशेब चुकू देते.

आता दोघं जाऊन येऊन असतात. ग्रीन कार्ड आहे म्हणून फार काळ बाहेर राहता येत नाही; सलग वर्षभराहून जास्त राहिलं तर ते जायची धास्ती. म्हणून काका आता आपण अमेरिकेतच राहतो याचे पुरावे जमवतात. त्यासाठी फाइलीत तिसरा कप्पा केला आहे. गणपतीला मात्र भिलाईत असतात, पावती आडनावानंच फाडतात.

वाचकहो, तुमच्या घरात आईबापांचं लग्न नोंदवायचं राहिलं असेल, तर पोरगं परदेशात असो वा नसो, यंदाच नगर निगमात जाऊन नोंदवून घ्या. लग्नाचा फोटो आणि पत्रिका शोधून ठेवा, आईच्या सगळ्या नावांचं एकच शपथपत्र करून घ्या. आणि हे सगळं लग्नाला जेवून गेलेले निदान दोघं हिंडते-फिरते आहेत तोवर करा. पंगतीतल्या बाकीच्या तीनशे अठ्ठ्याण्णवांची सही चालत नाही.